बाईनं चाखलेला माल

काल मी हिंगणीच्या अलीकडच्या एका वाडीत संडासाच्या दाराले टांगलेली जिजाबाई काढून आणली. दचकू नका. बाई नाई, बाईचा फोटो. पोट्याश खताच्या रिकाम्या पोत्यावर छापलेला. डोक्यावर पदर, तोंडावर हासू, आन उजव्या हाताचं बोट जिभेपाशी नेलेलं. खाली लाल अक्षरात लिहून आहे, ‘जिजाबाईनं चाखलेला अस्सल माल’. त्या घरच्यायनं पोत्याले दोन भोकं पाडून सुतळीनं पडद्यासारखं बांधलं होतं, आन बाईच्या गालावर कोंबडीनं घाण केलती. मी हातानं पुसलं. ते पाहून घरातले पोट्टे हासाले लागले.

थू! पोट्ट्यायवर नाई, माझ्यावरच. त्या पोत्याचं तोंड मीच शिवलं होतं.

मी हरिदास. सेलूहून हिंगणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर भैय्याजीचा खताचा कारखाना आहे, तिथं बावीस वर्षं पोते शिवले. वरून दोरीले शिलाईचं मशीन लटकलेलं राह्यते, पट्ट्यावरून भरलेलं पोतं सरकत येते, त्याच्या तोंडाची घडी मशीनखाली धराची आन पायानं खटका दाबाचा. एका झटक्यात तोंड बंद. काम सोपं आहे, गाढवही करन. पण आमच्या कारखान्यात एक रीत होती. जोपर्यंत जिजाबाई ‘चालव’ म्हणत नाई, तोपर्यंत माझा पाय खटक्यावर जात नसे. भैय्याजी मालक असले तरी त्यायच्या हुकमानं मशीन चाललं नाई कधी. बाईच्या हुकमानं चालायचं.

आता ही बाई कोण, ते सांगतो. मी तिले मावशी म्हणतो. नात्यानं नाई, एकाच वस्तीतले आमी, तिचं घर विहाराच्या मागं, माझं समोर. तिची माय रेल्वेच्या मालधक्क्यावर झाडू मारे. त्या एकाच धक्क्यावर आज मालगाडीचे मिठाचे डबे लागत, उद्या युरियाचे, परवा पोट्याशचे. पोते फाटत, माल खाली सांडे, आन बाया तो झाडून ढीग लावत. मंग ठेकेदार कमरेवर हात ठेवून विचारे, हा ढीग कायचा, तो कायचा. पांढरं पोट्याश आन मीठ डोळ्याले सारखंच दिसते, आन लाल पोट्याश धुळीत कालवलं का तेही ओळखू येत नाई. मावशीची माय चिमूटभर जिभेवर ठेवे आन सांगे. मावशी नऊ-दहा वर्षांची असताना तिच्यापाशीच शिकली. चौथीनंतर शाळा सुटली, धक्का मात्र भैय्याजीनं कारखान्यात आणेपर्यंत सुटला नाई.

मी तिले एकदा विचारलं, मावशी, फरक कसा समजते बावा? म्हणे, “मीठ पाव्हण्यासारखं आहे, येते आन जाते. पोट्याश आधी खारट लागते, मंग कडू लागते, मंग जिभेच्या मुळापासून कोनीतरी मागं ओढून राह्यलं असं वाटते. घास गिळवत नाई.” मी पण चाखून पाह्यलं. मले सगळं सारखंच लागलं. लागन कसं? तोंडात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. बावीस वर्षांत मी जेवढा खर्रा थुकला तेवढ्यात कारखान्याची भिंत दोनदा रंगवून झाली असती. मावशी त्याच्यावरून मले शिव्या घाले. “तुही जीभ आहे का चपलेचं चामडं बे?”

ती स्वतः जिभेले लय जपे. खर्रा नाई, विडा नाई, चहा कोमट करून पेणार. आन सगळ्यात मोठं म्हंजे, ती मीठच खात नसे. भाकर अळणी, वरण अळणी, भाजी अळणी. दुपारी डब्यात एक काकडी ठरलेली, तीही कोरडीच कचाकचा खाणार. आमी बाकीचे कागदात मीठ बांधून नेत होतो, काकडीले, कैरीले लावून खात होतो. ती नुसती पाहे. “खावंसं वाटते रे,” एकदा बोलून गेली, “पण मीठ खाल्लं का तोंडात दिवसभर तेच राह्यते. मंग चाखू कशी?” चाळीस वर्षं एका माणसानं असं काढलं. मी एक दिवस खर्रा सोडला तं बायकोवर भांडे फेकतो.

तुमी म्हणान, खताले चाखाचं काय पडलं एवढं? तं ऐका. आमच्या कारखान्यात खताचा दाणा कराचा पहिला ड्रम बसवाले गोपाल नावाचा इंजिनियर आलता. भला माणूस. जेवणाच्या सुट्टीत आमच्यात बसून गोष्टी सांगे. तो म्हणे, आपल्या देशात पोट्याशची खाण चालत नाई, हे सगळं समुद्रापलीकडून जहाजानं येते. तिकडं जमिनीखाली खोल लाल दगडाचे थर आहेत. कोन्या काळी समुद्र आटला, त्याचं राह्यलेलं. त्या दगडात पोट्याश आन मीठ दोघं एकमेकात गुंतून बसले आहेत. लोक खाली उतरून दगड काढतात, फोडतात, दळतात, खाऱ्या पाण्याच्या टाक्यात सोडतात. वरून कायतरी तेलकट औषध घालतात आन खालून हवा फुंकतात. ते औषध फक्त पोट्याशच्याच कणाले लागते, म्हून पोट्याश बुडबुड्याले चिकटून फेसात वर येते. मीठ खाली बसते. मंग फेस काढाचा, पाणी झटकाचं, भट्टीत वाळवाचं, चाळाचं. मागं मिठाचे डोंगर पडून राहतात. मावशीनं हे सगळं ऐकलं आन विचारलं, “म्हंजे एवढा खटाटोप मीठ बाहेर काढासाठीच ना?” गोपाल म्हणे, “हो मावशी, तेवढ्यासाठीच.” मावशीले त्याचा लय अभिमान वाटला. जे काम तिकडं एवढ्या मोठ्या टाक्या करतात, त्याची पारख ती एका चिमटीत करत होती.

आमच्याकडं ते पोट्याश लाल भुकटी होऊन येते. भुकटी वाऱ्यानं उडते, हाताले चिकटते, म्हून आमी तिचा दाणा करतो. फिरत्या ड्रममधी भुकटी टाकाची, थोडी चिकट माती, वरून पाण्याचा फवारा. ड्रम फिरून फिरून ज्वारीएवढे दाणे होतात. मंग गरम हवेच्या ड्रममधून वाळवाचे, चाळणीवर घ्याचे. बारीक असन ते परत ड्रममधी, जाड असन ते फोडाले. मधला दाणा पोत्यात. मावशी चाळणीवर उभी राहे. ड्रमच्या प्रत्येक फेरीचं पहिलं पोतं भरलं का ती तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरे, दोन दाणे जिभेवर ठेवे, डोळे मिटे, बाजूले थुके, परत चूळ भरे. “चालव.” असं म्हटलं का मंग मी खटका दाबे.

एकदा तिनं ‘चालव’ म्हटलंच नाई. धक्क्यावरून आलेला सगळा ट्रक मिठानं खराब झालता. भैय्याजी तिच्या अंगावर ओरडले, मालक तू आहेस का मी? ती चाळणी सोडून खाली बसली. “मालक तुमीच. पण यात मीठ आहे.” भैय्याजीनं चिडून नमुना नागपूरले तपासाले पाठवला. उत्तर आलं, मीठ आहे. दुसऱ्या दिवशी भैय्याजीनं बाईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. आन हे पंचक्रोशीत पसरलं. सेलूकडचे केळीवाले दुकानात विचाराले लागले, “बाईनं चाखलं का?” केळीले पोट्याश लय लागते, घडाचं वजन त्याच्यावरच.

मंग आला अंकित. भैय्याजीचा पोरगा. नागपूरहून शिकून आला, अंगाले अत्तराचा वास, बोलताना समोरच्याकडं पाहाच्या ऐवजी फोनकडं पाहणार. बापाचे गुडघे गेले, त्यायनं गल्ला पोराच्या हातात दिला आन स्वतः घरात टीव्हीपुढं बसले. अंकितनं महिन्याभरात मावशीले खुर्चीवर बसवून फोटोवाला आणला. पदर असा घ्या, बोट असं धरा, हसा. मावशी गोंधळून गेली. “माझा फोटो काऊन लागते तुमाले?”

“मावशी, तुमच्या जिभेवर लोकांचा भरोसा आहे. तोच पोत्यावर छापतो. पूरे जिल्ह्यात तुमचं नाव होईल.”

मावशी खुश झाली, खोटं काऊन बोलू? पहिलं छापलेलं पोतं तिनं घडी करून घरी नेलं आन पेटीत ठेवलं. पण त्याच दिवशी तिनं अंकितले तोंडावर सांगितलं, “भाऊ, एक आहे. माझा चेहरा असलेल्या पोत्यात मी चाखल्याबिगर माल भराचा नाई. माझ्यापाशी दुसरं काईच नाई. एवढी एक जीभ आहे.” अंकित म्हणे, “अरे बिलकुल, मावशी.” मी तिथंच उभा होतो. माझी पोरगी सरिता पण होती, अंकितनं नुकतंच तिले ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवलं होतं. मी लय उपकार मानले होते त्याचे.

पोट्याशचे भाव चढले आन अंकितची नियत उतरली. आमची सुट्टी मंगळवारी राह्यते. एका मंगळवारी मले फोन आला, हरिदासभाऊ, या जरा. गेलो तं ड्रमपाशी मिठाच्या गोण्या, बाजूले गेरूच्या थैल्या, आन वर्ध्याहून आणलेले चार अनोळखी मजूर. मीठ, गेरू आन थोडं नावाले पोट्याश, असं ड्रममधी फिरून राह्यलं होतं. बाहेर येणारा दाणा दिसाले एकदम झकास. अस्सलपेक्षा लाल.

मले शिसारी आली. सांगतो तुमाले, मी काही संत नाई, तरीही आली. अरे, खाणीतले लोक एवढ्या टाक्या फुंकतात, एवढी भट्टी पेटवतात, मीठ काढून डोंगर घालतात. जहाज समुद्रातून येते, मालगाडी येते. आन आमचा हा शिकलेला अंकित सेलूत बसून तेच मीठ परत त्यात कालवून राह्यला! हा धंदा आहे का ओकारी? पहिलं पोतं पट्ट्यावर आलं. पोत्यावर मावशी हासून राह्यली. मी म्हटलं, “अंकितभाऊ, बाईनं चाखलं नाई.”

तो फोनमधून मान वर न करता बोलला, “पोत्यावर चाखून राह्यली ना? चालवा.” मी तसाच उभा. मंग त्यानं वर पाह्यलं. “सरिता चांगलं काम करते हो. टिकली पाहिजे.”

बस. एवढंच. हात पिरगाळला नाई, शिवी दिली नाई. आन मी खटका दाबला. त्या दिवशी दोनशेच्या वर पोते शिवले. प्रत्येक पोत्यावर मावशीच्या डोक्याच्या वरून सुई गेली. संध्याकाळी घरी गेलो तं ती विहाराच्या ओट्यावर बसली होती. “आज सुट्टीचा कुठं गेलता रे?” मी म्हटलं, बाजारात. आन भिंतीपाशी जाऊन थुकलो.

मंग दर मंगळवारी तेच. तालुक्याचे साहेब नमुना घ्याले आले, तं अंकितनं आधीच बांधून ठेवलेली अस्सल मालाची पुडी त्यायच्या हातात दिली, आन साहेब चहा पिऊन गेले. सहा दिवस मावशी चाखलेला माल, सातव्या दिवशी गेरूचं मीठ. गोदामात दोन्ही एकाच थप्पीत. कोणतं कोणतं, मले तरी कुठं कळत होतं?

दोन महिन्यांनी डोमाजी आला. हिंगणीकडचा केळीवाला, म्हातारा, सरळ माणूस. कारखान्यात नाई आला, मावशीच्या दारात आला. हातात केळीचं पान, कडेनं सगळं करपलेलं, आन बगलेत पोतं. मी समोरच दाढी करत बसलो होतो. डोमाजी ओरडला नाई. ओरडला असता तं बरं झालं असतं. त्यानं पान ओट्यावर ठेवलं, पोतं उलगडलं आन फोटोवर बोट ठेवलं.

“बाई, तुमी चाखलं होतं ना हे? म्हून घेतलं मी. बाग बसली सगळी.”

मावशीनं पोत्याच्या कोपऱ्यात अडकलेले चार दाणे काढले. चूळ भरली. जिभेवर ठेवले. मी आरशात पाहून राह्यलो होतो, मले तिचं तोंड दिसत होतं. ते एका क्षणात उतरलं. ती थुकली, परत चूळ भरली, परत थुकली, आन पदरानं जीभच पुसाले लागली. “हे मी नाई चाखलं, डोमाजी. तुमच्या पायाची आन.” डोमाजी म्हणे, “फोटो तं तुमचाच आहे ना, बाई.” आन पोतं तिथंच टाकून गेला.

ती माझ्याकडं आली. माझ्या अर्ध्या गालावर साबण. “हरिदास, शिवलं कोनं?” मी म्हटलं, मले काय माहीत मावशी, मजूर कोनीबी शिवतात. तिनं पोत्याच्या कापलेल्या तोंडाले राह्यलेली शिलाई माझ्या डोळ्यापुढं धरली. शेवटी दोऱ्याची गाठ होती, डावी. मी डावखुरा आहे. ती पोतं घेऊन निघून गेली. मी उरलेली दाढी केलीच नाई त्या दिवशी.

ती भैय्याजीकडं गेली. त्यायनं टीव्हीचा आवाज वाढवला आन म्हणे, “बाई, आता कारभार पोराचा आहे. मले बीपी आहे.” ती अंकितकडं गेली. अंकितनं तिले खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आन समजावलं. येत्या इतवारच्या दिवशी कारखान्यात शेतकऱ्यायचा मेळावा ठेवला आहे, डोमाजीसारखे दोनचार लोक बोंबलून राह्यले, त्यायचा भरोसा परत आणाचा आहे. मावशीनं स्टेजवर सगळ्यायपुढं माल चाखाचा आन मान हलवाची. मंग शाल-नारळ, सत्कार, आन घरी बसून आराम. “नाही म्हणाल तर तुमची मर्जी. पण पोत्यावर चेहरा माझा नाही, तुमचा आहे. लोक पकडतील तर तुम्हाला पकडतील.” सरितानं हे दाराआडून ऐकलं आन घरी येऊन मले सांगितलं. सांगताना ती माझ्याकडं पाहत नव्हती.

इतवारी मंडप पडला. दोन-अडीचशे लोक. कडुनिंबाले भोंगे बांधलेले, मागं बुंदी-भाताचा वास. स्टेजवर एक पोतं उघडं करून ठेवलं होतं. उघड्या तोंडातला दाणा अस्सलपेक्षा लाल, मी ओळखलं, मंगळवारचं होतं. अंकितले तेवढीही लाज नव्हती, का घाईत कोनी थप्पीतून ते उचललं, देव जाणे. सरिता बाजूले तबक घेऊन उभी, त्यात शाल. मावशी पांढरं लुगडं नेसून आली, हातात रोजची डब्याची थैली. आली तं थैली मांडीवर घेऊन बसली. मी मंडपाच्या खांबाले टेकून उभा होतो, तिनं माझ्याकडं एकदा पाह्यलं.

अंकितनं माईकवर लंबं भाषण केलं. मंग म्हणे, “आता आपल्या जिजाबाई तुमच्या नजरेसमोर माल चाखणार!”

मावशी उठली. चूळ भरली. दोन दाणे जिभेवर ठेवले, डोळे मिटले. समोरच्या रांगेत डोमाजी हात बांधून बसला होता. मले वाटलं, हलवन मान. काय करन बिचारी? माझ्यासारख्यानं दर मंगळवारी दोनशे पोते शिवले, तिनं एकदा मान हलवली तं काय बिघडते?

ती थुकली नाई. तिनं थैलीतून डबा काढला, डब्यातून काकडी काढली आन गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले. लोक हासाले लागले. अंकितही हासला, त्याले काई समजलं नाई. मावशीनं एक तुकडा पोत्यात घोळला, लाल लाल दाणे चिकटले, आन तिनं चावा घेतला. माईक समोरच होता. कचकच सगळ्या मंडपात ऐकू आली. तिनं घास चावला, गिळला, दुसरा घेतला.

“चांगली लागते,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं मी अळणी खाल्लं, या जिभेसाठी. आज पहिल्यांदा मीठ लावून काकडी खाऊन राह्यली.” हासणं थांबलं. “पोट्याश असतं तं हा घास माझ्या नरड्याखाली गेला असता का? ज्यायच्या जिभेवर कधी चुकून पडलं असन त्यायनं सांगावं.”

मागून कोनीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. अंकितनं माईक ओढून घेतला, तरी त्याचं हासू जागेवरच. “शांत बसा, शांत बसा. बाईंचं वय झालं, जीभ गेली त्यांची. आपले हरिदासभाऊ आहेत, बावीस वर्षांचे अनुभवी. हरिदासभाऊ, या वर!”

मी गेलो. पाय कसे गेले, सांगता येत नाई. सरितानं तबक छातीशी धरलं होतं. मी दोन दाणे जिभेवर ठेवले. माझी जीभ चामड्याची खरी, पण त्या चामड्यालेही समजलं. निव्वळ मीठ. आन मी माईकवर बोललो, “पोट्याश आहे.”

हो, बोललो. लपवत नाई. बावीस वर्षं जिच्या शब्दावर मी पाय हलवला, तिच्या तोंडावर मी असा बोललो. किळस येते का माझी? येऊ द्या. मलेही येते.

मावशी चिडली नाई. तिनं काकडीचा दुसरा तुकडा घेतला, पोत्यात चांगला घोळला आन माझ्यापुढं धरला.

“पोट्याश आहे ना? खाऊन दाखव.”

मी तुकडा हातात घेतला. आता पाहा, किती सोपं होतं. एक घास घ्याचा, तोंड वाकडं कराचं, आक् थू करून थुकाचं. लोक म्हणाले असते, कडू आहे, म्हंजे पोट्याशच. थुकाचं तं मले कोनी शिकवाले नको. मी घास घेतला. गेरूची माती दाताखाली कचकचली, त्याच्या मागून मीठ. लहानपणी शेताच्या धुऱ्यावर बसून खाल्लेली काकडी अशीच लागत होती.

अंकित माझ्या कानाशी आला. माईक त्याच्या हातातच होता, चालू. “थुका ना हरिदासभाऊ,” तो कुजबुजला, “तोंड वाकडं करा आन थुका! थुका म्हणतो ना!”

कडुनिंबावरच्या दोन्ही भोंग्यायनं ते पार हिंगणीच्या रस्त्यापर्यंत पोचवलं.

मी नाई थुकलो. चावलं, गिळलं. मंग कोनी न सांगता तुकडा परत पोत्यात घोळला आन दुसरा घास खाल्ला, लोकायकडं पाहत. मंग बोललो, “मीठ आहे. गेरू लावलेलं. बाईनं चाखलं नव्हतं, मी शिवलं.” सरितानं तबक खाली ठेवलं आन स्टेजवरून उतरून गेली.

पुढचं तुमाले माहीत असन. लोकायनं थप्प्या फोडल्या, ते चहावाले साहेब आले, या बारीले चहा न पेता कुलूप लावून गेले. बुंदी तशीच राह्यली, तिच्यावर माशा बसल्या. अंकित नागपूरले गेला म्हणतात. सरिता माझ्याशी गरजेपुरतं बोलते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात उभी. पेटीतलं ते पहिलं पोतं तिच्या हातात होतं. ते तिनं माझ्या चुलीत घातलं, जळेपर्यंत उभी राह्यली, आन म्हणे, “गाडी काढ. माझा चेहरा जिथं जिथं गेला, तिथून आणाचा आहे.” तेव्हापासून आमी दोघं माझ्या जुन्या लूनावर गावोगाव फिरून राह्यलो. पोतं भरलेलं असन तं मी शिलाई उसवतो, ती चाखते. अस्सल निघालं तं तोंड परत शिवून देतो. मीठ निघालं तं नाल्यात न टाकता वाटेवरच्या पडीत जमिनीत खड्डा करून गाडतो. रिकामं असन तं मागून घेतो. कोनी त्यात भुसा भरला आहे, कोनी त्याचं पायपुसणं केलं आहे, कोनी संडासाचा पडदा. काई बाया मावशीले पाहून शिव्या देतात. ती ऐकून घेते, हात जोडते आन पोतं मागते. मी मागं लूना धरून उभा राहतो.

कालचं पोतं, कोंबडीच्या घाणीचं, तिनं हापशावर स्वतः धुतलं आन मंग घडी केलं. परत येताना सेलूच्या नाक्यावर मी काकडी घेतली. विकणाऱ्यानं मिठाची पुडी दिली. मावशीनं पुडी परत केली, कोरडी काकडी खाल्ली. मी लूना चालू करता करता विचारलं. किती दिवस तोंडात अडकून होतं ते. “मावशी, माफ केलं का मले?”

ती मागं बसली, थैली मांडीवर घेतली.

“अजून बारा गावं राह्यली,” ती म्हणे. “चालव.”